कातरणांचा ‘अननस’: सामूहिक गोधडीसाठी साडेनऊ इंची ब्लॉक

अननस हा लॉग केबिन या जुन्या अमेरिकी पॅटर्नचा अवघड भाऊ. मधे एक चौकोन, त्याच्याभोवती एक फेरी सरळ पट्ट्यांची, एक तिरप्या पट्ट्यांची, पुन्हा सरळ, पुन्हा तिरपी. एका ब्लॉकमध्ये, म्हणजे गोधडीच्या एका चौकोनात, ४१ तुकडे बसतात आणि एकही पट्टी पाऊण इंचापेक्षा रुंद दिसत नाही. एरवी झाडून टाकायची कातरणंही यात खपतात. दहा-बारा जणींनी मिळून करायच्या गोधडीला हा ब्लॉक छान शोभतो, पण एका अटीवर: सगळ्यांचे ब्लॉक सुतासूत सारखे आले पाहिजेत. आडवे ६ आणि उभे ८ असे ४८ ब्लॉक जोडले की ५७ बाय ७६ इंचांची, एका माणसाला पुरेल अशी गोधडी होते. बारा जणी असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला चार.

कापड निवडताना

सोलापुरात कातरणांना तोटा नाही. गणवेश शिवणाऱ्यांकडे पोतीच्या पोती निघतात, शिवाय घरोघरी ब्लाऊजपीस, पोलके, जुन्या सुती साड्या असतात. मात्र गणवेशाचं बरंचसं कापड टेरीकॉट, म्हणजे पॉलिस्टर मिसळलेलं असतं. नखाने दाबलेली घडी त्यावर टिकत नाही, आणि ही सगळी शिवण घडीवरच चालते. शंका आली तर दोन धागे काढून जाळून पाहा. सुती धागा कागदासारखा जळून मऊ राख होते, पॉलिस्टरचा धागा वितळून कडक मणी होतो. मणी झाला तर ते कातरण पिशवीसाठी ठेवा. एकाच ब्लॉकमध्ये सुती आणि टेरीकॉट मिसळले की इस्त्रीला सुतीला लागणारी उष्णता टेरीकॉटला सोसत नाही, कापड चकाकतं, आक्रसतं.

इरकलीचा पदर मोहात पाडतो, पण तो रेशमी किंवा नकली रेशमी असेल तर पाव इंचाच्या मायेत (टिपेबाहेर सोडलेल्या कापडात) धागे सुटतात आणि दोन धुण्यांत शिवण उकलते. अंगाचं सुती कापड घ्या, तेही विरलेलं नको. चादर या ब्लॉकमध्ये घालूच नका. सोलापुरी चादरीचं जेकार्ड विणकाम जाड असतं, त्याच्या पट्ट्या एकावर एक आल्या की मशीनची सुई मोडते. जुनी, धुऊन मऊ पडलेली चादर गोधडीच्या मधल्या थराला ठेवा, तिथे तिच्यासारखी दुसरी नाही.

गडद लाल, निळी, हिरवी कातरणं बादलीत गरम पाण्यात अर्धा तास भिजवा आणि ओली असतानाच पांढऱ्या कापडावर दाबा. डाग उठला तर पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा पुन्हा भिजवा, तरीही रंग सुटत असेल तर ते कातरण वगळा. धुण्याच्या मशीनमध्ये कातरणं टाकू नका, धाग्यांचा गुंता होतो.

एका ब्लॉकला लागणारं माप असं. मधला चौकोन अडीच इंची. बाकी सगळ्या पट्ट्या दीड इंच रुंद: फिक्या रंगाच्या २०, गडद १६. पहिल्या फेरीच्या पट्ट्या साडेतीन इंच लांब, पुढच्या प्रत्येक फेरीला पाऊण इंच जास्त. म्हणजे फिक्या पट्ट्या साडेतीन, सव्वाचार, पाच, पावणेसहा आणि साडेसहा इंचांच्या, प्रत्येक मापाच्या चार. गडद पट्ट्याही तशाच, फक्त साडेसहाची फेरी नाही. फिकी पट्टी एकूण १०० इंच लागते, गडद ७४ इंच. कोपऱ्यांसाठी गडद रंगाचे पावणेपाच इंची दोन चौकोन घ्या आणि कर्णावर कापून चार त्रिकोण करा. त्रिकोण असेच कापायचे, कारण मग काटकोनाच्या दोन्ही बाजू सरळ धाग्यावर येतात आणि त्याच ब्लॉकच्या कडा होतात. तिरप्या धाग्याची कड ताणली जाते, आणि तसा ब्लॉक जोडताना लाटा मारतो.

कागद आखणे

हा ब्लॉक कागदावर शिवायचा आणि शेवटी कागद फाडून काढायचा. साधा पातळ कागद घ्या. वर्तमानपत्राची शाई फिक्या कापडाला लागते, खाकी कागद फाटता फाटत नाही.

दहा इंची चौकोन आखा, त्याच्या आत पाव इंचावर साडेनऊ इंची चौकोन. बाहेरची रेघ कापायची, आतली जोडणीच्या टिपेची. मध्यातून उभी, आडवी आणि दोन्ही कर्णांच्या रेघा हलक्या हाताने ओढा. मध्यापासून चारही बाजूंना १, पावणेदोन, अडीच, सव्वातीन आणि ४ इंचांवर खुणा करून कडेला समांतर रेघा काढा. एक इंचाच्या चार रेघांनी मधला दोन इंची चौकोन तयार होतो. आता कर्णावर या. चौकोनाच्या कोपऱ्यातून कर्णाला काटकोनात पहिली तिरपी रेघ, मग कर्णावरच पाऊण-पाऊण इंचावर आणखी चार. गुण्या वापरा, डोळ्याच्या अंदाजावर सोडू नका. पडताळा सोपा आहे: शेवटच्या तिरप्या रेघेने साडेनऊ इंची चौकोनाच्या कोपऱ्यात जो त्रिकोण कापला, त्याची बाजू सव्वातीन इंच भरली पाहिजे. चारही कोपरे मोजा.

मूळ आखणी एकीनेच करावी आणि सगळ्या प्रती एकाच झेरॉक्स मशीनवर, एकाच वेळी काढाव्यात. मोबाइलवर फोटो पाठवून जिने-तिने आपापल्या घरी छापला की घात होतो. छपाईत कागदाला बसवण्यासाठी चित्र तीन टक्क्यांनी जरी लहान झालं, तरी आठ ब्लॉकांच्या रांगेत सव्वादोन इंचांचा फरक पडतो. प्रत्येक प्रत पोलादी पट्टीने मोजा, शिंप्याची टेप जुनी झाली की ताणलेली असते.

शिवण

मशीनला १६ नंबरची सुई आणि टाका बारीक, दीड मिलिमीटरच्या आसपास. बारीक टाक्यामुळे कागदाला एकमेकांलगत भोकं पडतात आणि तो शेवटी सहज सुटतो. पायमशीनवर टाक्याचा स्क्रू फिरवून आधी चिंधीवर पाहा.

आखलेली बाजू वर ठेवायची, कापड कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूला. मधला चौकोन सुलटी बाजू बाहेर करून गोंदाच्या टिपक्याने चिकटवा. कागद खिडकीकडे धरला की चारही बाजूंना पाव इंच माया दिसली पाहिजे. साडेतीन इंची फिकी पट्टी चौकोनावर सुलटीवर सुलटी ठेवा, कडा जुळवा, कागद उलटा करून रेघेवर टीप मारा. टीप रेघेच्या आधी दोन टाके सुरू करा आणि पुढे दोन टाके न्या. पट्टी उलगडून नखाने, मग इस्त्रीने दाबा. आधी समोरासमोरच्या दोन, मग उरलेल्या दोन.

आता ज्यावर हा ब्लॉक तरतो किंवा बुडतो ते काम. पुढची फेरी लावण्याआधी पुढच्या रेघेवर कागद आखलेल्या बाजूकडे दुमडा. आधीच्या टिपेचे दोन टाके तिथे कागदाला धरून बसलेले असतात, ते हळूच सोडवा. कापड दुमडीच्या बाहेर डोकावेल. दुमडीपासून पाव इंच, म्हणजे दोन सूत, बाहेर पट्टी ठेवून जास्तीचं कापड कापा. कागद कात्रीत येत नाही ना, हे बोटाने चाचपून घ्या. चारही बाजू अशा छाटल्या की पुढची पट्टी त्या कापलेल्या कडेला लावायची, आणि ती आपोआप जागेवर बसते. घाईत छाटणी टाळून ‘नंतर कापू’ म्हटलं की पट्टी अंदाजाने ठेवली जाते, दोन-तीन फेऱ्यांत चौकोन एका बाजूला सरकतो आणि मग उसवण्याशिवाय मार्ग नसतो.

पहिल्या तिरप्या फेरीनंतर थांबून पाहा. मधल्या चौकोनाचे चारही कोपरे टिपेला बरोबर टेकलेले, टोकदार दिसले पाहिजेत. कोपरा बोथट असेल तर टीप आत गेली, मधे फट असेल तर बाहेर गेली. इथे उसवलं तर चार पट्ट्या उसवाव्या लागतात, शेवटी कळलं तर चाळीस.

यापुढे क्रम तोच: सरळ फिकी, तिरपी गडद, पाचव्या सरळ फेरीनंतर कोपऱ्यांचे त्रिकोण. त्रिकोण लावण्याआधी टाचणीने रेघेवर टोचून उलटून पाहा, दहा इंची रेघेच्या बाहेर कापड पोहोचतं का. उसवायची वेळ आली तर कागद भोकांवर फाटतो. मागून गोंदाने कागदाचा तुकडा लावा, सेलोटेप नको, ती इस्त्रीला वितळते.

फिक्या पट्टीखाली गडद माया सावलीसारखी दिसते. प्रत्येक शिवणीला गडद थराची माया फिक्यापेक्षा अर्धं सूत कमी कापा, मग ती फिक्या थराच्या आत लपते.

शेवटी कागदाच्या बाजूने दहा इंची रेघेवर छाटा आणि कडेपासून एक सूत आत सैल टीप मारून घ्या.

जोडणी

कागद अजून काढायचा नाही. शेजारचे ब्लॉक जोडेपर्यंत तोच माप धरून ठेवतो. आधीच काढला तर ब्लॉक हातोहाती ताणला जातो.

एवढ्या तुकड्यांचा ब्लॉक असूनही प्रत्येक बाजूला फक्त दोन शिवणी जुळवायच्या असतात: कोपऱ्याच्या त्रिकोणाच्या. त्या टिपेच्या रेघेवर जुळल्या पाहिजेत. टाचणी टिपेच्या रेघेवर, कोपऱ्यापासून सव्वातीन इंचांवर, दोन्ही कागदांतून आरपार घाला. जोडणीची माया उघडून दोन्ही बाजूंना दाबा, चार ब्लॉक भेटतात तिथे गाठ येत नाही. रांग पूर्ण झाली की त्या जोडांजवळचा कागद काढा, बाहेरच्या कडांचा राहू द्या.

धावदोरा घालताना नेहमीसारखं बाहेरून आत या, पण टाका पट्टीच्या मधोमध ठेवा. शिवणीवर सहा-सात थर असतात, तिथे सुई अडते आणि दोरा तुटतो.