लिस्बनच्या टाइल्स घरी आणताय? या चुका टाळा

पोर्तुगालहून परत आले तेव्हा माझ्या बॅगेत नऊ टाइल्स होत्या. नऊही वेगवेगळ्या, एकापेक्षा एक सुंदर. विमानतळावर बॅगेचं वजन जास्त भरलं म्हणून दोन स्वेटर अंगावर चढवून आले, पण टाइल्स सोडल्या नाहीत. त्यातली एकही आजवर भिंतीवर लागलेली नाही. दोन गरम पातेल्याखाली जातात, बाकीच्या माळ्यावर पडून आहेत.

चूक साधी होती. लिस्बनच्या घरांवर जी नक्षी आपण मान वर करून बघतो, ती बहुतेक वेळा एका टाइलमध्ये नसतेच. चार टाइल्स फिरवून एकमेकींना जोडल्या की एक फूल पुरं होतं. काही नक्ष्यांना सोळा लागतात. सतराव्या शतकातल्या एका प्रसिद्ध नक्षीला तर १२ × १२, म्हणजे १४४. सुटी एक टाइल आणणं म्हणजे दारातल्या रांगोळीचा कोपरा खरवडून घरी नेण्यासारखं. सुटीच हवी असेल तर जिचं चित्र एकीतच संपतं अशी घ्या, जहाज नाहीतर पक्षी. नक्षीची हवी तर चाराच्या पटीत घ्या.

बरं, अख्खी भिंतच तिथून आणायची म्हटली तर? पारंपरिक टाइल साधारण १४ सेंमी चौरस असते. म्हणजे एका चौरस मीटरला ५१ लागतात. त्यात कटिंग आणि तुटफूट धरा. हे बॅगेत बसणारं काम नव्हे. लिस्बन आणि आसपासच्या भागात १७४१ पासून चालू असलेला सांताना आणि १८४९ चा व्हियुवा लामेगो असे टाइल्सचे कारखाने अजून आहेत. तिथे जाऊन बघा, हात लावा, प्रश्न विचारा.

फोटोंचंही तसंच. सगळेजण टाइल्सच्या भिंतीसमोर स्वतःचा फोटो काढतात. मिस्त्रीला दाखवायची वेळ आली की त्यात फक्त आपला चेहरा आणि मागे निळसर धूसर काहीतरी. भिंतीच्या अगदी समोर उभं राहून नक्षी दोनदा तरी पूर्ण येईल असा फोटो घ्या, मापासाठी हाताचा पंजा भिंतीला टेकवा, आणि कडेची पट्टी विसरू नका. भिंत जिथे संपते, दार-खिडकी जिथे येते, तिथे वेगळ्या नक्षीची किनार असते. काठ नसलेल्या साडीसारखी ती भिंत किनारीशिवाय अर्धवट वाटते, आणि का वाटते ते कळत नाही. आपल्या शोरूममध्ये ‘पोर्तुगीज’ म्हणून मिळणाऱ्या बारा बाय चोवीसच्या टाइल्स डोळ्याला खटकतात त्या मात्र आणखी एका कारणाने. नक्षी तीच, पण मधले सांधेच गायब. मग भिंतीला कागद चिकटवल्यासारखं दिसतं.

आता जुन्या बाजाराबद्दल, कारण तिथे सगळ्यांचाच पाय घसरतो. लिस्बनचा ‘फैरा दा लाद्रा’ हा जुना बाजार मंगळवारी आणि शनिवारी भरतो. ‘लाद्रा’ म्हणजे चोरटी, तेव्हा मुंबईकरांना नावाची गंमत लगेच कळेल. तिथे मीही एक जुनी टाइल हातात घेतली होती. मागे चुन्याचा बोटभर थर, एका कोपऱ्याला छिन्नीची ताजी खूण. ती कुणाच्या तरी भिंतीवरून उचकटलेली असणार हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. लिस्बनमध्ये जुन्या घरांच्या टाइल्स चोरीला जाण्याचं प्रमाण इतकं वाढलं, की २०१३ साली शहराने दर्शनी भिंतीवरच्या टाइल्स काढायला बंदी घातली आणि २०१७ मध्ये देशभरासाठी कायदा आला. कुठून आली हे विक्रेता सांगू शकत नसेल तर खाली ठेवा.

घरात लावताना पहिला घोळ जमिनीचा होतो. ‘आझुलेझू’ ही भिंतीची टाइल: आत नरम भाजलेली माती, वर काचेसारखी झिलई. जमिनीवर टाकली की वर्षभरात झिलईचे टवके उडतात आणि ओल्या पायाने माणूस घसरतो ते वेगळंच. आजीच्या घरातली नक्षीदार फरशी होती ती सिमेंटची, दाबून केलेली. दोन्ही वस्तू वेगळ्या आहेत. दुकानदार मात्र दोन्हींना एकच नाव देतो.

दुसरा घोळ ओलीचा. पावसाळ्यात भिंत ओल धरत असेल तर त्यावर टाइल्स चढवून ओल झाकली जात नाही. सच्छिद्र माती पाणी ओढते, क्षार वर येतात आणि झिलई सुटते. आधी वॉटरप्रूफिंग, मग एक अख्खा पाऊस जाऊ द्या, मग टाइल्स. कुणाला इतका धीर नसतो, मला माहीत आहे.

आणि हळद! हाताने केलेल्या टाइल्सच्या झिलईत केसासारख्या बारीक भेगा असू शकतात. त्यात फोडणीचं पिवळं तेल शिरलं की घासून निघत नाही. सांध्यात साधी पांढरी सिमेंट भरली तर ती महिन्याभरात पिवळी होते, म्हणून गॅसच्या मागे इपॉक्सी ग्राउटच वापरा. गोव्यात टाइल्स रंगवून घेणार असाल तर रंग कच्च्या झिलईवर लावून तिच्याबरोबर भाजतात, की तयार पांढऱ्या टाइलवर नंतर, हे विचारा. दुसऱ्या प्रकारात रंग बोटाला किंचित उंच लागतो आणि घासणीने हळूहळू जातो. नावाच्या पाटीला तो चालतो, ओट्यामागे नाही.

किती लावायच्या हाही प्रश्न आहे. लिस्बनच्या दर्शनी भिंती रस्त्यापलीकडून, रणरणत्या उन्हात बघायच्या असतात. तीच नक्षी आठ बाय सातच्या स्वयंपाकघरात चारी भिंतींवर लावली तर डोकं गरगरतं, आणि पिवळ्या एलईडीखाली निळा रंग मळकट दिसतो. तिथले लोकही घरात बऱ्याचदा कमरेइतक्या उंचीपर्यंतच टाइल्स लावतात, वर साधी पांढरी भिंत. खात्री करायला एवढ्या लांब जायचीही गरज नाही. पोर्तुगालमधल्या पोर्तो शहराच्या साओ बेंतू रेल्वे स्टेशनात सुमारे २० हजार टाइल्सवर चित्रं काढणाऱ्या जॉर्ज कुलासूचंच काम पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशद्वाराशी आहे, १९३५ सालचं. तिथे दहा मिनिटं उभं राहा आणि घरात एवढा निळा झेपेल का ते स्वतःला विचारा.

शेवटची चूक मिस्त्रीच्या हातून होते, पण दोष आपला असतो. नक्षीची टाइल चारही बाजूंनी बसते, त्यामुळे एक जरी उलटी फिरली तरी फूल मोडतं. लावण्याआधी सगळ्या टाइल्स जमिनीवर कोरड्या मांडा, फोटो काढा, मागे पेन्सिलने नंबर आणि वरच्या दिशेचा बाण लिहा. चित्रांच्या जुन्या पोर्तुगीज टाइल्सच्या पाठीवरही असेच अक्षर-आकडे सापडतात.

सध्या आमच्या ओट्यामागे प्लायवूडचा एक तुकडा टेकवलाय, त्यावर गोव्यात करून घेतलेल्या सोळा टाइल्स. महिनाभर फोडण्या खाऊ दे, मग भिंतीचं ठरवू. आई रोज कढई चढवते आणि रोज म्हणते, “यातली एक फिरलीय गं.” मी दोनदा मोजून पाहिलं, मला अजून सापडलेली नाही.