झॅबिक्स: एक स्विच बंद पडला की अलार्मचा पूर (डिपेंडन्सी लावूनही)

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं नेटवर्क मी झॅबिक्सवर (उपकरणं चालू आहेत का हे तपासत राहणारं सॉफ्टवेअर) बघतो. लूम शेडचा मुख्य नेटवर्क स्विच बंद पडला की त्यामागचे सगळे कॅमेरे, ॲक्सेस पॉइंट, हजेरीची मशीनं 'अनअव्हेलेबल बाय आयसीएमपी पिंग'चे (म्हणजे 'आहेस का?' विचारणाऱ्या पिंगला उत्तर नाही) अलार्म द्यायची. खरा बिघाड त्या ढिगात सापडायचा नाही, जीव मेटाकुटीला यायचा.

ईमेल फक्त गंभीर अलार्मचे ठेवून पाहिले, फरक नाही. ट्रिगर म्हणजे अलार्म पेटवणारी अट; स्विचचा ट्रिगर पेटलेला असेल तर मागच्यांचे अडवणारी ट्रिगर डिपेंडन्सी लावली, तरी बरेच अलार्म येतच राहिले.

गोम वेळेत होती. झॅबिक्सच्या टेम्प्लेटमध्ये (तयार सेटिंगमध्ये) पिंग दर 1 मिनिटाला होतो आणि सलग 3 पिंग चुकले की ट्रिगर पेटतो. कॅमेऱ्याचा तिसरा पिंग स्विचच्या आधी चुकला, तर स्विचचा ट्रिगर तोवर 'ओके'च असतो, मग डिपेंडन्सी अडवणार कशाला?

आधी स्विचच्या होस्टवर (झॅबिक्समधल्या त्याच्या नोंदीवर) 'आयसीएमपी पिंग' आयटमचं (तपासणीचं) अपडेट इंटरव्हल 20 सेकंद करा. मागच्या उपकरणांचं 1 मिनिटच राहू द्या. मग प्रत्येक उपकरणाच्या पिंग ट्रिगरमध्ये 'डिपेंडन्सीज' टॅब उघडून स्विचचा तोच ट्रिगर जोडा. आता स्विचचा अलार्म मिनिटभरात येतो, बाकीच्यांना किमान 2 मिनिटं लागतात.

जेवणाच्या सुट्टीत स्विचची अपलिंकची (मुख्य नेटवर्ककडे जाणारी) केबल काढून 5 मिनिटं थांबलो. अलार्म एकच आला, स्विचचा.

मधे आणखी एक छोटा स्विच असेल तर त्याचं इंटरव्हल 40 सेकंद ठेवा.