घरातल्या जुन्या शिकाऱ्याची ओढ नातवंडांना कशी समजावून सांगावी

चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया या जिल्ह्यांतल्या जंगलालगतच्या गावांत तरुणपणी शिकार केलेला एखादा म्हातारा अजूनही भेटतो. नागपूर-पुण्याला शिकणारी त्याची नातवंडे मात्र सफारीत वाघ पाहून वाढलेली असतात, आणि आजोबांनी सांबर मारले होते हे ऐकताच त्यांचा चेहरा उतरतो. आजोबांना त्यात कसला आनंद वाटत होता, हे या मुलांना सांगण्याची जबाबदारी बहुधा मधल्या पिढीवर येते.

सुरुवात कायद्यापासून करावी. ताडोब्यात शिकार १९३५ मध्येच बंद झाली आणि १९५५ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झाले. इतरत्र परवाना काढून शिकार चालत असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिच्यावर कडक बंधने आणली, तर १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची ती वाटही बुजली. हे आधी सांगितले की आपण जुना काळ परत आणू पाहत नाही, एवढी खात्री ऐकणाऱ्याला पटते.

त्यानंतर समर्थनाचा मोह टाळावा. 'तेव्हा जनावरे भरपूर होती' किंवा 'पोटासाठी करावे लागे' ही उत्तरे तोंडाशी येतात. दुसरे कित्येक घरांपुरते खरेही होते. पण ज्यांच्या कोठीत वर्षभराचे धान होते तेही बंदूक घेऊन निघत, हे लपवू नये. जीव जात असे आणि तरीही मन तिकडे ओढ घेत असे, या दोन्ही गोष्टी एका दमात मान्य केल्या तरच पुढचे बोलणे ऐकले जाते.

आता मूळ गोष्ट. माझ्या मते शिकारीची गोडी बार उडण्यात फार थोडी आणि त्याआधीच्या तासन्‌तास चालणाऱ्या एकाग्रतेत फार मोठी होती. चैतात मोहफुले टपटपू लागली की चितळे झाडाखाली येतात, हे ठाऊक असलेला माणूस आधी चिमूटभर माती हवेत सोडून वाऱ्याची दिशा पाही, कारण वारा पाठीवर असला तर जनावराला वास लागून सगळी बैठक वाया जाई. मग खोकला दाबून, डास चावले तरी हात न हलवता बसायचे. एखादे वानर शेंड्यावरून एकाच दिशेला टक लावून खकारू लागले की तिकडे बिबट किंवा वाघ असावा, हे ओळखायचे. एरवी नजरेआड राहणारे जंगल त्या वेळी कानाडोळ्यांनी वाचता येई, आणि म्हाताऱ्यांना आठवते ते हेच.

हे नुसते सांगून पटत नाही, दाखवावे लागते. पाऊस उघडल्यावर मुलांना शेताच्या धुऱ्यावर किंवा गावाजवळच्या नाल्याकाठी न्यावे. वाघाचा वावर असलेल्या भागात पहाटे किंवा सांजवेळी मुळीच जाऊ नये, ऊन वर आल्यावर चारचौघांनी मिळून जावे. ओल्या मातीत रानडुकराचा माग शोधावा. दोन खुरांच्या मागे, किंचित बाहेरच्या बाजूला, दोन लहान टोचे उमटलेले असतात. चितळाच्या मागात ते सहसा दिसत नाहीत. मागाच्या कडा धारदार आहेत की ढासळल्या आहेत, त्यावरून एखाद्या किड्याची बारीक रेघ गेली आहे का, यावरून जनावर केव्हा गेले असावे याचा अंदाज मुलांनाच बांधू द्यावा. आजोबांना चालवत असेल तर त्यांनाही सोबत घ्यावे आणि आपण गप्प राहावे.

'मग कॅमेरा का पुरत नव्हता?' हा प्रश्न येईलच. फोटोच्या मागे तेवढाच संयम लागतो हे कबूल करावे. फरक एवढाच, की हाक्याच्या शिकारीत, म्हणजे गावकरी आरडाओरडा करून जनावरे शिकाऱ्याकडे हाकलत तेव्हा, त्या हाकेवाल्यांनाही मटणाचा वाटा मिळे, त्यामुळे त्या दिवशीच्या आनंदात बऱ्याच चुली सामील असत. एवढे ऐकूनही एखादी नात म्हणाली, की मला हे चुकीचेच वाटते, तर तिच्याशी वाद घालू नये. समजणे आणि मान्य होणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

घरात जुनी शिंगे किंवा कातडे असेल तर ते मुलांना कौतुकाने दाखवण्याआधी त्याचे मालकी प्रमाणपत्र आहे का ते पाहावे. नसेल तर वनखात्याच्या कार्यालयात जाऊन विचारावे. अशा वस्तू विकता येत नाहीत.