पराटी पेटवण्याआधी: उलंगवाडीनंतर वावरातच बायोचार कसा करावा

कापसाची उलंगवाडी, म्हणजे शेवटची वेचणी, झाली की पार उन्हाळवाहीपर्यंत विदर्भात धुऱ्याधुऱ्यावर (बांधाबांधावर) पराटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, पेटत राहते. यात शेतकऱ्याला दोष देण्यासारखं फार नाही. पराटी उपटायला मजुरी लागते, वाहून न्यायला बंडी किंवा ट्रॅक्टर लागतो, घरोघरी गॅस आल्यापासून सरपणाची गरज कमी झाली. आणि ढीग तसाच ठेवला तर किडक्या बोंडांतली गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामाची वाट पाहत तिथेच पडून राहते. २०१७ साली या अळीने कपाशीचं काय केलं ते विदर्भात कुणाला सांगायला नको. म्हणून काडी ओढायची आणि मोकळं व्हायचं.

या लेखात आग तीच आहे, फक्त ती कुठे थांबवायची ते वेगळं आहे. पराटीची पूर्ण राख होऊ द्यायची नाही. कोळसा झाला की विझवायचं, तो कोळसा शेणात मुरवायचा आणि मातीत घालायचा. यालाच बायोचार म्हणतात. अळी मरते, वावर मोकळं होतं आणि पराटीने वर्षभरात हवेतून ओढलेल्या कार्बनचा एक मोठा वाटा मातीत राहतो.

आधी हिशेब

कारखानदारी सुरू होण्याआधी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. आता ते ४२० च्या वर गेले आहेत. मुख्य कारण म्हणजे दगडी कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायू जाळणं. हे पाहायला आपल्याला लांब जावं लागत नाही. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचं आहे, कोराडी आणि खापरखेडा नागपूरला लागून आहेत, तिरोड्याला आणखी एक आहे. २०२४ हे नोंदी ठेवायला लागल्यापासूनचं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. कारखानदारीपूर्वीच्या मानाने पृथ्वीचं सरासरी तापमान त्या वर्षी सुमारे दीड अंशाने जास्त होतं.

ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो, तिथे दीड अंशाचं काय एवढं, असं वाटू शकतं. पण हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. मग पाऊस येतो तेव्हा कोसळतो आणि मधल्या काळात ओढ देतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास मांडला. मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी होणारी अतिवृष्टी १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढली, असं त्यात दिसलं. कोरडवाहू वावराला दोन्हीचा मार बसतो. एका पावसात वरची माती नाल्यात जाते आणि पुढच्या खंडात उरलेली भेगाळते.

आता पराटीकडे येऊ. हेक्टरी दोन ते तीन टन पराटी निघते, म्हणजे एकरी साधारण एक टन धरा. वाळलेल्या काडीत जवळजवळ निम्मा कार्बन असतो. तो याच वर्षी हवेतून आलेला असल्यामुळे जाळल्याने काही बिघडत नाही, असं कुणी म्हणेल. कार्बन डायऑक्साइडपुरतं ते खरंही आहे. पण धुमसत्या ढिगातून मिथेन, नायट्रस ऑक्साइड आणि काजळीही निघते. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरतो आणि नायट्रस ऑक्साइड सुमारे २७० पट.

एक टन कोरड्या पराटीतून खड्ड्याच्या पद्धतीने साधारण २०० किलो बायोचार मिळतो. त्यात ७० टक्के कार्बन धरला तर १४० किलो झाला. हवेत गेला असता तर त्याचा सुमारे ५०० किलो कार्बन डायऑक्साइड झाला असता. एक लिटर डिझेल जाळलं की सुमारे २.७ किलो निघतो, म्हणजे एका एकराची पराटी १८०-१९० लिटर डिझेलच्या बरोबरीची. नीट जळलेल्या कोळशातला बहुतेक कार्बन मातीत शेकडो वर्षं टिकतो. काडी नुसती कुजवली तर तिच्यातला बराचसा काही वर्षांतच परत हवेत जातो.

माझं मत विचाराल तर जगाचं तापमान उतरवायची जबाबदारी पाच एकरवाल्या कापूस शेतकऱ्यावर टाकणं अन्यायाचं आहे. हे काम आपल्या मातीसाठी करा. हवेचं भलं त्यात आपोआप होतं.

हे कुणी करू नये

बायोचार अल्कधर्मी असतो, म्हणजे मातीचा सामू (पीएच) वाढवतो. अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात जमीन आधीच क्षारांनी त्रासलेली आहे. तिथे माती परीक्षण आणि कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घेतल्याशिवाय घालू नका. भारी काळ्या जमिनीत सामू आठच्या वर असेल तरीही हात राखून. फायदा खरा दिसतो तो हलक्या, मुरमाड, पाणी न धरणाऱ्या वावरात. गोंदिया, भंडारा, गडचिरोलीकडच्या लालसर, आंबट जमिनीत तो आणखी चांगला, पण तिकडे पराटीऐवजी दुसरा काडीकचरा लागेल.

श्रेडर मिळत असेल आणि पराटीवर किडकी बोंडं नसतील, तर काही पराटी बारीक करून वावरातच आच्छादन म्हणून पसरा. सगळीच खड्ड्यात घालायची गरज नाही.

पराटी तयार करणं

फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक उभं ठेवून काढलेला जादा कापूस, घेऊ नका. डिसेंबरअखेर, फार तर जानेवारीत पीक संपवा. पराटी उपटण्याआधी झाडावरची न उमललेली, किडकी बोंडं वेचून पोत्यात भरा. हे काम टाळलं तर वाळत पडलेली पराटीच अळीचं घर होते. पोतं जवळ ठेवा, ते पहिल्या खेपेलाच लागणार आहे.

उपटलेल्या पराटीच्या मुळांची माती झटका. वावरातच पातळ पसरून दोन-तीन आठवडे वाळू द्या. घराजवळ किंवा धुऱ्यावर गंजी लावू नका. काडी वाकवल्यावर कट्कन मोडली पाहिजे. नुसती वाकत असेल तर अजून ओली आहे, आणि ओल्या काडीचा धूर होणारच. तीन-तीन फुटांचे तुकडे करा.

दिवस निवडताना जानेवारी-फेब्रुवारीतली वारा नसलेली सकाळ धरा. एप्रिल-मे नको. तेव्हा एक ठिणगी शेजाऱ्याच्या कुटारापर्यंत (ढोरांच्या भुशापर्यंत) जाते आणि विझवायला विहिरीत पाणीही नसतं.

खड्डा

वर पाच फूट रुंद, खाली निमुळता, अडीच ते तीन फूट खोल असा उलट्या शंकूसारखा खड्डा खणा. बाजू तिरप्याच हव्यात. उभ्या भिंतींच्या खड्ड्यात कोपऱ्यांत हवा शिरते आणि कोळशाची राख होते. काळ्या मातीच्या कडा वाळल्या की ढासळतात, म्हणून आतून चिखलमातीचा हात फिरवून दोन दिवस सुकू द्या. झाड, विजेची तार, गवताचा धुरा, कुटाराची गंजी यांपासून लांब जागा घ्या आणि भोवतीचं दहा-पंधरा फूट वखरून साफ करा.

पेटवण्याआधीच पाणी जवळ आणून ठेवा. एका खेपेला २०० लिटरचे दोन ड्रम भरलेले असले की चिंता नाही.

पेटवणं आणि भरणं

सगळं कौशल्य इथे आहे. तळाशी बारीक, खडखडीत काड्या चौकटीसारख्या रचून मधे मोकळी जागा ठेवा. आग खालून लावायची नाही, वरून लावायची. वरून पेटलेल्या आगीत खालून येणारा वायू ज्वाळेतूनच वर जातो आणि जळून जातो, म्हणून धूर होत नाही. आग धरली की बोंडांचं पोतं थोडंथोडं करून त्यात रिकामं करा.

मग पराटीचा एक पातळ थर टाका आणि थांबा. काड्या पेटतात, काळ्या पडतात, आणि त्यांच्यावर पांढुरकी राख दिसू लागते. राख दिसली की पुढचा थर. राख दिसायच्या आधी टाकला तर ज्वाळ दबते आणि धूर होतो, उशिरा टाकला तर कोळसा जळून जातो. वरची ज्वाळ सगळा प्राणवायू खात असते, त्यामुळे खालचा कोळसा हवेविना तसाच राहतो. खड्ड्याचं तोंड सतत ज्वाळेने झाकलेलं दिसलं पाहिजे. भाकरी टाकून चुलीपुढून उठता येत नाही, तसं इथूनही उठता येत नाही.

धुराबद्दल मी जरा कडक बोलतो. पहिल्या दहा मिनिटांत थोडा धूर होईल, तो चालतो. त्यानंतर पांढरा, दाट धूर निघत राहिला तर मिथेन तसाच हवेत चालला आहे. असा खड्डा धुऱ्यावरच्या उघड्या ढिगापेक्षाही वाईट ठरू शकतो. धूर दिसला की नवीन काडी थांबवा, लांब दांड्याने वरचा थर हलवा आणि ज्वाळ परत येऊ द्या. तरी धूर जात नसेल तर काडी ओली आहे. त्या दिवसाचं काम तिथेच आवरा, पण खड्डा नीट विझवून.

प्लास्टिक, ठिबकच्या नळ्या, मल्चिंगचा कागद, औषधाच्या बाटल्या यातलं काहीही खड्ड्यात टाकायचं नाही.

तीन-चार तासांत खड्डा भरत येतो. सुती कपडे, पायात बूट, डोक्याला दुपट्टा, आणि मुलं व ढोरं लांब. एका खेपेत ५०-६० किलो कोळसा मिळतो, म्हणजे एका एकराला तीन-चार खेपा लागतात. दोन माणसं असली तर काम निभतं, एकट्याने करू नये.

विझवणं

शेवटच्या थरावर राख दिसू लागली की पाणी सुरू करा. कडेने, हळूहळू ओता. एकदम ओतलं तर वाफेचा लोट अंगावर येतो आणि त्याने चांगलंच भाजतं. सगळा कोळसा पाण्याखाली गेल्यासारखा दिसेपर्यंत ओता, दाताळ्याने उलथून पुन्हा ओता. शेवटच्या बादल्यांत शेणकाला किंवा गोमूत्र मिसळलं तर पुढचं काम हलकं होतं.

पाणी कमी असेल तर ओल्या मातीचा अर्ध्या फुटाचा थर देऊन दोन दिवस बंद ठेवा. कुठून वाफ किंवा धूर निघाला तर तिथे आणखी माती टाका. कुठल्याही पद्धतीत दुसऱ्या दिवशी हात फिरवून ऊब तपासल्याशिवाय कोळसा पोत्यात भरू नका. आत एखादा निखारा राहिला तर रात्रीतून गोठा जातो.

चांगल्या बायोचारचा डाग बोटांवरून साध्या पाण्याने निघतो, तेलकट वाटत नाही. तुकडा मोडला की आतपर्यंत काळा असतो. आत तपकिरी दिसला किंवा धुराचा कडवट वास आला, तर तो अर्धवट आहे. बाजूला ठेवा, पुढच्या खेपेत पुन्हा घाला.

मुरवणं

कोरडा, नुसता कोळसा पेरणीच्या तोंडावर वावरात टाकू नका. त्याची छिद्रं रिकामी असतात आणि तो पहिल्या काही आठवड्यांत मातीतला नत्र स्वतःकडे ओढतो. कपाशी पिवळी पडते, आणि मग माणूस म्हणतो की हे सगळं खोटं आहे.

ओला असतानाच पोत्यात घालून लाकडी मोगरीने ठोका किंवा पोत्यावरून ट्रॅक्टर न्या. ज्वारीच्या दाण्याएवढा बारीक पुरे. कोरडा कुटला तर धूळ छातीत जाते, नाकाला फडकं बांधा.

सर्वांत सोपी पद्धत गोठ्याची. बायोचार ढोरांखाली पसरा. मूत शोषलं जातं, वास कमी होतो, आणि रोजच्या शेणाबरोबर तो उकिरड्यावर जाऊन मुरतो. गोठा नसेल तर एक भाग बायोचार, दोन-तीन भाग शेणखत असा ढीग सावलीत लावा, जीवामृत असेल तर शिंपडा आणि महिनाभर ओलसर ठेवा. फेब्रुवारीत केलेला बायोचार मृगापर्यंत आरामात तयार होतो.

वावरात घालणं

एकराला २०० किलो बायोचार सगळीकडे फेकला तर दिसणारही नाही. कपाशी टोबायच्या ओळीतच, खतात मिसळलेला, चार-पाच इंच खोल घाला. वरुड-मोर्शीकडच्या संत्र्याला झाडाच्या घेराखाली चर काढून देता येतो.

पहिल्या वर्षी अर्धाच एकर करा, आणि त्यातही दोन-चार ओळी बिना बायोचारच्या सोडा. पावसाच्या खंडात कोणत्या ओळी आधी मान टाकतात ते बघा. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब आणि सामू दोन्ही तपासून कागद जपून ठेवा. पहिल्याच वर्षी उत्पन्न वाढेल अशी खात्री कुणी देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. हलक्या जमिनीतही फरक दिसायला दोन-तीन हंगाम लागू शकतात.

युरियाचा हात मात्र पहिल्याच वर्षी आखडता घेता येतो. जास्तीचा युरिया मातीतून नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो, म्हणजे पैसेही हवेत जातात. कपाशीला तो एकदम न देता दोन-तीन हप्त्यांत, ओल असताना आणि मातीआड द्या. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठी स्वतः नत्र बांधतात, तिथे युरियाची पोती रिकामी करणं तर निव्वळ उधळपट्टी आहे.

शेवटी कार्बन क्रेडिटबद्दल, म्हणजे मातीत अडवलेल्या कार्बनच्या बदल्यात मिळणाऱ्या पैशाबद्दल, कारण बायोचारचं नाव निघालं की गावात कुणीतरी फॉर्म घेऊन येतोच. व्यवहार खोटाच असतो असं नाही. पण मिळणारा पैसा खड्ड्याच्या मोजमापावर, फोटोंवर आणि तपासणीवर अवलंबून असतो, आणि मधल्या माणसांचा वाटा मोठा असू शकतो. करार किती वर्षांचा, पैसे टनावर की एकरावर, तपासणीचा खर्च कुणाचा आणि मधेच सोडलं तर काय, हे मराठीत लिहून मागा. लिहून दिलं नाही तर सातबारा हातात देऊ नका.