स्टार्ट्सविथने घात केला: पाथ ट्रॅव्हर्सल शिकायला बसलात तर

'../' म्हणजे 'एक फोल्डर वर जा', हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. पाथ ट्रॅव्हर्सल म्हणजे फाइलच्या नावात असे तुकडे घालून नेमून दिलेल्या फोल्डरबाहेर पोहोचण्याचा हल्ला. सगळ्यात आधी एक: "'../' रिप्लेस करून टाक, झालं" असं सांगणारा सीनियर भेटला तर मान डोलवा आणि त्याचं ऐकू नका. '....//' मधला '../' काढला की उरतं '../'. फिल्टरनेच हल्ला तयार करून दिला!

खरा खड्डा पुढे आहे. तुम्ही शहाण्यासारखं रिअलपाथ (लिंका आणि '..' सोडवून उरणारा खरा पाथ) काढता, मग तो '/डेटा/अपलोड' ने सुरू होतो का ते स्टार्ट्सविथने बघता. समोरचा पाठवतो '../अपलोड-जुने/पगार.सीएसव्ही'. रिअलपाथ निघतो '/डेटा/अपलोड-जुने/पगार.सीएसव्ही' आणि तपासणी पास! कारण स्ट्रिंगला फोल्डर कळत नाही, अक्षरं कळतात. कोड वाचताना हे दिसत नाही, दहादा वाचलं तरी. '/डेटा/अपलोड' च्या टोकाला '/' जोडून तुलना करा, नाहीतर पायथनचं कॉमनपाथ (दोन पाथमधला सामाईक फोल्डर सांगणारं फंक्शन) वापरा. कॉमनप्रीफिक्स नको, ते ओएस.पाथमध्ये राहत असलं तरी अक्षरंच मोजतं. पाथलिबचं इज_रिलेटिव्ह_टू चालेल, पण आधी रिझॉल्व्ह करूनच, कारण ते '..' सोडवत नाही. जावातही स्ट्रिंगच्या स्टार्ट्सविथला हाच रोग आहे. पाथ क्लासचं स्टार्ट्सविथ मात्र फोल्डरनिहाय तुलना करतं.

जॉइनवरही भिस्त ठेवू नका. पायथनमध्ये दुसरा भाग '/' ने सुरू झाला की पहिला भाग सरळ फेकला जातो.

आर्काइव्ह उघडताना आणखी जपा. समजा टारमधली (अनेक फाइली एकत्र बांधलेल्या आर्काइव्हमधली) पहिली नोंद 'फोटो' नावाची, '/ईटीसी' या सिस्टम सेटिंग्जच्या फोल्डरकडे बोट दाखवणारी सिमलिंक (दुसऱ्या पाथकडे नेणारी फाइल), दुसरी 'फोटो/क्रॉन.डी/काम'. सगळी नावं आधी तपासून मग फाइली काढल्यात तर दोन्ही नावं निर्दोष दिसतात, कारण तपासताना लिंक डिस्कवर नसतेच. काढताना मात्र दुसरी फाइल '/ईटीसी' मध्ये जाऊन पडते. पायथनच्या टारफाइलमधली ही त्रुटी, सीव्हीई-२००७-४५५९ (सीव्हीई म्हणजे सुरक्षा-त्रुटीचा जाहीर क्रमांक), नावातच साल सांगते. धोकादायक नोंदी अडवणाऱ्या फिल्टरची सोय आली २०२३ मध्ये, आणि 'डेटा' फिल्टर आपोआप लागायला पायथन ३.१४ उजाडावं लागलं. जुन्या आवृत्तीवर असाल तर एक्स्ट्रॅक्टऑलला फिल्टर हाताने द्या.

हे वाचून धीर सुटत असेल तर अपाचे वेब सर्व्हर आठवा. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये २.४.४९ मधलं भोक २.४.५० ने बुजवलं, पण दुहेरी एन्कोडिंगने ('.' ऐवजी '%२ई' असा कोड लिहिणं म्हणजे एन्कोडिंग, ते इथे दोनदा) ते पुन्हा उघडलं आणि तीन दिवसांत २.४.५१ काढावी लागली. जगातले मुरलेले लोकही चुकतात, तेव्हा तुमचा पहिला पॅच अपुरा पडला म्हणून खचू नका. फक्त डीकोड आधी, तपासणी नंतर, आणि तपासणीनंतर पुन्हा डीकोड अजिबात नाही.

टेस्टमध्ये किमान हे पाच इनपुट टाका: साधा '../', '/' ने सुरू होणारा पाथ, '%२ई%२ई/', शेजारच्या मिळत्याजुळत्या नावाचा फोल्डर आणि सिमलिंक असलेलं टार. चौथा बहुतेक टेस्टमध्ये सापडत नाही.