झोळीतलं बाळ कॉटमध्ये झोपवायचंय? मग आधी एवढं करून ठेवा

परवा माळ्यावरची कॉट खाली काढली. माझा लेक आता अडीच वर्षांचा झालाय आणि धाकटी जाऊ साडेतीन महिन्यांच्या लेकीला घेऊन पुढच्या आठवड्यात माहेराहून साताऱ्याला येतेय. तिकडे पोरगी झोळीत झोपते. झोळीतलं बाळ कॉटमध्ये ठेवलं की काय होतं ते मी बघितलंय, पाठ टेकायच्या आत डोळे टक्क उघडे, आणि मग रात्री दोन वाजता आपण हॉलमध्ये येरझाऱ्या घालतोय. लेकाच्या वेळी मला तयारी म्हणजे खरेदी वाटायची. आता कळतंय की निम्मी तयारी कॉटमधनं वस्तू बाहेर काढायची असते आणि उरलेली घरातल्या माणसांची, म्हणून यावेळी सगळं आधीच करून ठेवतेय.

पहिलं काम कॉटचं. सगळे स्क्रू आवळायचे, चारही बाजूंनी धरून हलवून बघायची, आणि गजांमधली फट मोजायची. 6 सेंटीमीटरच्या आसपास चालते, त्याहून मोठी नको. टेप नसेल तर कोल्ड्रिंकचा जाडा कॅन घ्या, तो फटीतनं आरपार गेला तर ती कॉट वापरू नका. मग गादी. माझ्या वेळी दुकानदारानं कॉटबरोबर दिलेली गादी तीन-चार बोटं आखूड होती, मी म्हटलं चालतंय, आणि एका पहाटे लेकाचा पाय त्या फटीत मांडीपर्यंत अडकलेला, तो रडून रडून लाल झालेला. कडेला दोन बोटांपेक्षा जास्त जागा राहिली की गादी बदला. आणि कडक हवी, तळहात दाबून उचलला की खळगा राहता कामा नये. घरची पिंजून घेतलेली कापसाची गादी कितीही मायेची असली तरी ती दबते, गोळे होतात, या वयात नकोच.

आता खरं अवघड काम, कॉट रिकामी ठेवणं. उशी नाही, लोड नाही, कडेनं लावायचे ते मऊ बंपर नाहीत, गोधडी नाही, टेडी नाही. फक्त गादी आणि घट्ट बसणारी चादर. चादरीसाठी मी जुन्या सुती बेडशीटला शिंप्याकडून चारही बाजूंनी इलास्टिक लावून घेतलंय, ओढली तरी निघत नाही, आणि तशा चार केल्यात कारण आपल्याकडे पावसाळ्यात दोन-दोन दिवस काही वाळत नाही आणि दमट चादरीवर बाळ ठेवायचं नसतं. कोरडी वाटली तरी इस्त्री फिरवायची, पूर्ण गार होऊ द्यायची, मग घालायची.

सासूबाईंनी मोहरीची उशी शिवून ठेवली होती. मोहरी निवडून, जुन्या मलमलच्या धोतराचं कापड काढून, चार दुपारी बसून. त्यांना नाही म्हणायला माझी जीभ रेटेना. पण जवळ बसून सांगितलं की आई, बाळ उताणंच झोपवायचं आणि डोक्याखाली काही नको, अमेरिकेत 1994 ला बाळांना पाठीवर झोपवा अशी मोहीम निघाली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण पुढच्या काही वर्षांत निम्म्यावर आलं. दूध वर आलं तर गुदमरेल ही त्यांची भीती होती, ती सगळ्याच आयांना असते. पण उताणं असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते, त्यामुळे आलेलं दूध खालीच राहतं, उपडं असताना उलट होतं. आणि डोकं गोल व्हायला एक दिवस या बाजूला डोकं, एक दिवस त्या बाजूला, आणि जागं असताना आपल्यासमोर पोटावर खेळवायचं. त्यांनी जरा वेळ उशी मांडीवरच धरली. मग म्हणाल्या, मग मी दिवसा मांडीवर घेते तेव्हा ठेवीन. मला भरून आलं.

गळ्यातला काळा दोरा, ताईत झोपवताना काढायचा, तो अडकून फास बसू शकतो. दृष्टीसाठी पायाच्या तळव्याला तीट लावा, चालतंय. कानटोपी पण घरात झोपताना नको. बाळाची उष्णता डोक्यावाटे बाहेर पडते आणि टोपी सरकून तोंडावर येते. थंडी वाजतेय का ते हातपायावरनं नाही कळत, ते गारच असतात, मानेमागे किंवा छातीवर हात लावून बघा. डिसेंबरात इथं गारठा असतो तर एक थर कपडा जास्त घाला पण पांघरूण मोकळं सोडू नका. आणि धुरी, शेगडी बंद खोलीत अजिबात नाही, कोळशाच्या धगीतला वायू दिसत नाही, वास येत नाही आणि जीव घेतो.

कॉट जाऊच्याच बेडशेजारी, निदान सहा महिने तरी. पश्चिमेच्या खिडकीखाली नको, पावसाळ्यात यवतेश्वरकडनं असा वारा येतो की पडदे छताला लागतात आणि त्या भिंतीला ओलही धरते. पडद्याच्या दोऱ्या, चार्जरच्या वायरी कॉटपासून दूर, बाळाचा हात पोचणारच नाही अशा. मच्छरदाणी ताणून बसवलेली हवी, आत लोंबती नको. लाईट जातेच, म्हणून छोटा चार्जिंगचा दिवा हाताशी. रात्री ट्यूब लावली की बाळाला सकाळ झाली असं वाटतं आणि मग दोन तास गेले.

झोपवायचं गणित वेळेवर आहे. या वयाचं बाळ दीड-दोन तास जागं राहिलं की थकतं. जांभई, डोळे चोळणं, नजर कुठंतरी लांब लागणं, हे दिसलं की लगेच आवरा, किरकिर सुरू होईपर्यंत थांबलात तर ते अजून चवताळतं. रात्रीचा क्रम रोज तोच, अंग पुसणं, लंगोट किंवा डायपर, दूध, ढेकर, अंगाई, दिवा मंद. आणि पूर्ण गाढ झोपायच्या आधी, पेंगुळलेलं असताना खाली ठेवायचं, म्हणजे मध्ये जाग आली तरी जागा ओळखीची वाटते. ठेवताना आधी पाय आणि ढुंगण टेकवा, मग पाठ, सगळ्यात शेवटी डोकं, कारण डोकं आधी गेलं की पडल्यासारखं वाटून दोन्ही हात फेकतं. आपला हात लगेच काढू नका. छातीवर तळवा तसाच ठेवून, दहा-पंधरा श्वास मोजून, एकेक बोट उचला. थंडीत चादर आधी तळहातानं घासून ऊब आणा. गरम पाण्याची पिशवी आत नाही.

मध्ये कुंथणं, चुळबूळ, हुं हुं करणं म्हणजे जाग नव्हे. त्यांच्या झोपेचा एक फेरा तासाच्या आतलाच असतो, फेरा बदलताना असं करतातच. मिनिटभर थांबा, रडली तर थोपटा, तरी रडली तर उचला, भूक आहे का बघा. मी सगळ्यात आधी सकाळची पहिली डुलकी कॉटमध्ये लावली, बाकी झोळीच ठेवली, आणि चार-पाच दिवसांनी रात्र. एकदम झोळी काढून टाकली असती तर आम्ही दोघंही कोसळलो असतो. जाऊलाही तेच सांगणारे. बाळ कमी दिवसांचं असेल किंवा सारखी ओकत असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारून घ्या.

बाळाला गुंडाळून झोपवत असाल तर कुशीवर वळायला लागल्या दिवशी ते बंद. साडेतीन महिने म्हणजे तो दिवस लांब नाही. म्हणून कॉटचा तळही मी आत्ताच सगळ्यात खालच्या खाचेत बसवलाय, वाकताना कंबर जरा धरते, पण एक दिवस अचानक कठड्याला धरून उठलेली बघण्यापेक्षा बरं. चादरी आज धुवून घातल्यात, ऊन आहे तोवर.