कंत्राटी किंवा एजन्सीच्या नोकरीत प्रसूती रजा आणि लाभ कसा मिळवावा

कुपवाड आणि मिरजेच्या औद्योगिक वसाहतींत पॅकिंगला जाणाऱ्या, रुग्णालयांत सफाई करणाऱ्या किंवा कार्यालयांत संगणकावर बसणाऱ्या अनेक स्त्रिया ठेकेदाराच्या हजेरीपटावर असतात. दिवस गेल्याचे कळताच "तुम्ही टेम्पररी, तुम्हाला रजा लागू नाही" असे त्यांना ऐकवले जाते, आणि हे साफ चुकीचे आहे. रोजंदारीवरील स्त्रियांनाही प्रसूती लाभ मिळाला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली दिल्ली महानगरपालिकेच्या प्रकरणात स्पष्ट केले.

प्रथम वेतनपावती पाहावी. तिच्यात इएसआयची कपात असेल, तर लाभ कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडून मिळतो. त्यासाठी लगतच्या दोन अंशदान कालावधींत, म्हणजे सहा-सहा महिन्यांच्या दोन टप्प्यांत मिळून किमान 70 दिवसांचे अंशदान (विम्याची वर्गणी) लागते. कापलेले पैसे खरोखर भरले गेले आहेत का, हे विमा क्रमांक टाकून महामंडळाच्या संकेतस्थळावर लगेच तपासावे. ठेकेदाराने ते भरले नसतील, तर भरण्याची पहिली जबाबदारी मूळ मालकाची, म्हणजे ज्या कारखान्यात आपण राबतो त्याची असते.

इएसआय लागू नसेल, तर मालकाकडे मागणी करावी. 1961 च्या प्रसूती लाभ कायद्यातील हे हक्क आता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहेत. अपेक्षित प्रसूतीपूर्वीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम झालेले असले की 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते, आणि तिच्यातील 8 आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. दोन मुले हयात असतील, तर रजा 12 आठवड्यांची असते.

यापुढची पायरी सर्वांत महत्त्वाची. तोंडी सांगून थांबू नये. ठेकेदार आणि मूळ मालक या दोघांनाही लेखी सूचना द्यावी. "माझी प्रसूतीची अपेक्षित तारीख अमुक असून मी अमुक तारखेपासून रजेवर जात आहे, रजेच्या काळात मी अन्यत्र काम करणार नाही, लाभाची रक्कम माझ्या बँक खात्यात जमा करावी" एवढा मजकूर आणि डॉक्टरांचा दाखला पुरे. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही व तारीख अशी पोच घ्यावी. पोच नाकारली, तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी. सूचना वेळेत देता आली नाही, तरी प्रसूतीनंतर लवकरात लवकर देता येते, त्यामुळे हक्क बुडत नाही. प्रसूतीपूर्व काळाची रक्कम आगाऊ, तर उरलेली रक्कम प्रसूतीचा पुरावा दिल्यापासून 48 तासांत मिळायला हवी.

कोऱ्या कागदावर किंवा राजीनाम्यावर कोणत्याही दबावाखाली सही करू नये. "करार संपतोय" हे कारणही पुरेसे नाही: 17 ऑगस्ट 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने एका कंत्राटी डॉक्टरांना कराराची मुदत संपल्यानंतरच्या काळाचाही लाभ देण्याचा आदेश दिला. प्रसूती रजेवर असताना कामावरून काढणे बेकायदेशीर आहे.

तरीही दाद लागली नाही, तर सांगलीच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार करावी. इएसआयचा प्रश्न असल्यास महामंडळाच्या कार्यालयात जावे. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील देणारे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणही आहे. त्याची मदतवाहिनी 15100. तक्रारीसोबत हजेरीच्या नोंदी, वेतनपावत्या, बँकेचा उतारा आणि सूचनेची पोच यांच्या झेरॉक्स प्रती जोडाव्यात. मूळ कागद कुणाच्याही हाती देऊ नयेत.